शाळेसाठी घेतलेलं काइंडनेस किट: अर्धं कामाचं, अर्धं कपाटात

पहिली गोष्ट, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. असे किट, म्हणजे मुलांना दुसऱ्याशी चांगलं वागायची सवय लावायचं तयार सामान, आता बरेच जण विकतात, आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो आणि मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. पण आमच्या शाळेत (पुण्यातल्या पेठेतली जुनी शाळा, मराठी माध्यम, अनुदानित, पाचवी ते दहावी) हे घेतलं गेलं, राबवायचं काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलं, आणि तेव्हापासून दुसऱ्या शाळांतल्या मैत्रिणी, काही पालक, सगळे विचारतायत कसं आहे, घेऊ का, तर प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच इथे लिहिते. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

घेतलं कशाला, तर परिपाठाला रोज प्रतिज्ञा होते, 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' असं अख्खं मैदान एका सुरात म्हणतं आणि पुढच्या दोन मिनिटांत जिन्यावर त्याच पोरांची ढकलाढकली, कुणाचं दप्तर ओढ, कुणाला 'ए चष्मिस' म्हण. ही प्रतिज्ञा १९६२ साली पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी मूळ तेलुगूत लिहिली, आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकात ती पहिल्या पानांवरच असते, माझ्या आईच्या पुस्तकातही होती. म्हणजे पाठ नाही असा काही प्रश्नच नाही, तोंडपाठ आहे, झोपेतून उठवलं तरी म्हणतील. आणि पोरांनाच का बोला, आमच्या स्टाफरूममध्ये कपाटाच्या किल्लीवरून दोन बाया अख्खं सत्र एकमेकींशी बोलत नव्हत्या हे पोरांनाही माहीत होतं.

किंमत साडेचार हजाराच्या आसपास, वर जीएसटी आणि कुरियर. पैसे पालक-शिक्षक संघाने दिले म्हणून जमलं, सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून, एवढे निघणं शक्यच नव्हतं, सादिलमध्ये खडू-डस्टर आणि झेरॉक्स भागली तरी मिळवली. खोक्यात आलं ते असं: घडी उघडून उभी करायची पुठ्ठ्याची लाल टपालपेटी, चिठ्ठ्यांची पॅडं, शंभरेक चॅलेंज कार्ड, भिंतीवर लावायचा भलामोठा तक्ता आणि त्यावर चिकटवायचे सोनेरी स्टार, 'काइंडनेस हीरो' लिहिलेले बॅज, शिक्षकांसाठी पुस्तिका, आणि स्टाफसाठी वेगळं पाकीट ज्यात 'गुपित मित्र' खेळायच्या चिठ्ठ्या. छपाई चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही, कागद जाड आहे आणि पोरांच्या जेल पेनची शाई फुटत नाही त्यावर. टपालपेटी मात्र निव्वळ शोभेची. पहिल्याच पावसाळ्यात ओल धरून एका बाजूला कलली, मग आमच्या गणिताच्या सरांनी घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, झाकणाला फट पाडली, कडा घासल्या, आणि आता तोच चालू आहे.

आता कार्डं. ही ज्याने कुणी लिहिली तो पुण्यातल्या शाळेत कधी शिरलेला नाही हे दुसऱ्याच कार्डाला कळतं. 'शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ बाजूला करा.' जानेवारीत सकाळच्या शाळेला दात वाजतात हे मान्य, पण बर्फ? 'मित्राच्या लॉकरवर छान चिठ्ठी चिकटवा.' आमच्याकडे लॉकर म्हणजे दप्तराचा मधला कप्पा. 'बस ड्रायव्हरसाठी घरी कुकीज बनवून न्या.' आमची निम्मी पोरं पीएमपीच्या पासवर येतात, त्यांनी धावत्या बसमध्ये आधी दारातून आत शिरायचं का ड्रायव्हरपर्यंत बिस्किटं पोचवायची. सातवीच्या पोरांना ही कार्डं वाचून दाखवली तर हसून हसून लोळले, तेवढा तास मस्त गेला हेही खरं.

पण त्याच गठ्ठ्यात एक कार्ड होतं, 'कॅफेटेरियात एकट्या बसलेल्या मुलाशेजारी जाऊन बसा', आणि त्याच्यात दम आहे. आमच्याकडे कॅफेटेरिया नाही, मधल्या सुट्टीत पोरं वर्गातच बेंच जोडून डबे खातात, आणि बेंच जोडले की कोण उरलं हे लगेच दिसतं, फक्त कुणी बघत नाही. सहावीत वर्षाच्या मध्यात बदली होऊन आलेला एक मुलगा खिडकीपाशी पाठ करून डबा खायचा. आम्ही ते कार्ड फेकलं आणि पुठ्ठ्यावर नवीन लिहिलं: 'बेंच जोडताना कोण उरलंय ते आधी बघ, मग डबा उघड.' लगेच चमत्कार वगैरे झाला नाही, पहिल्या दिवशी त्याला बोलावलं तर तो नाही म्हणाला. नंतर कधीतरी त्याच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे हा शोध लागला आणि मग त्याला बोलवावं लागलं नाही, डबाच पळवला पोरांनी.

अशी जवळजवळ सगळी कार्डं आम्ही नव्याने लिहिली. मग छापील कार्डांचे पैसे कशाचे दिले हा प्रश्न पालक संघाच्या मीटिंगमध्ये आलाच, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि कंपनीकडेही नाही. फोन केला तर म्हणाले मॅडम आमचं कंटेंट इंटरनॅशनल आहे. बरं.

पुस्तिकेतलं वार्षिक कॅलेंडर तर विचारूच नका. सगळा जोर १३ नोव्हेंबरवर, म्हणजे जागतिक दयाळूपणा दिवस, १९९८ पासून साजरा होतो, चांगलं आहे. पण नोव्हेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे आपल्याकडे बऱ्याच वर्षी दिवाळीची सुट्टी किंवा सुट्टीची शेपटी. २०२३ ला तर १२ तारखेला लक्ष्मीपूजन होतं, १३ ला शाळेत फक्त कबुतरं. दुसरा मोठा दिवस दिलाय १७ फेब्रुवारी, तेव्हा दहावीची पोरं घरी पुस्तकात डोकं घालून आणि आम्ही बोर्डाच्या कामाला. म्हणून आम्ही आमची तारीख घेतली, ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी भाषणं होतातच, दरवर्षी शेणाचे गोळे आणि जादाचं लुगडं एवढ्यावरच सगळे थांबतात. मी या वेळी पोरांना पुढचं सांगितलं, १८९७ ला पुण्यात प्लेग आला तेव्हा लोक घरं सोडून पळत होते आणि या साठी ओलांडलेल्या बाई प्लेगच्या आजाऱ्यांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. किटच्या पुस्तिकेत या जागी कुठल्याशा मुलीने लिंबूपाण्याचा स्टॉल लावून पैसे दान केले अशी गोष्ट आहे. सावित्रीबाईंची मुलींची शाळा जिथे भरली त्या भिडे वाड्यापासून चालत येण्याच्या अंतरावर आमची शाळा, आम्ही लिंबूपाणी का सांगू.

आता मुख्य भांडण, ते स्टारचं. तक्ता लावायचा, प्रत्येक मुलाचं नाव, चांगलं काम केलं की स्टार, महिन्याच्या शेवटी सगळ्यात जास्त स्टार त्याला हीरोचा बॅज. ऐकायला गोड वाटतं ना, आम्ही पाचवीत लावला. पहिल्या दोन-तीन दिवसांत दार उघडून धरायला दोघा-दोघांची मारामारी. मग एक जोडी सापडली, एक पोरगा मुद्दाम कंपास पाडायचा आणि दुसरा उचलून द्यायचा, पुढच्या तासाला उलट, 'तू पाड मी उचलतो' असं ठरवून, दोघांचेही स्टार चढत चाललेले. एक मुलगी घसरून पडली तर तिला उठवायच्या आधी तिघांनी माझ्याकडे बघितलं, बाई बघतायत का म्हणून. आणि कळस म्हणजे एका शहाण्याने विचारलं, "बाई, घरी आईला भांडी लावू लागलो तर त्याचा अर्धा स्टार मिळतो का पूर्ण?" तक्ता त्याच दिवशी गुंडाळला. कपाटात आहे, मागची बाजू कोरी आहे, विज्ञान प्रदर्शनाला कामी येईल.

पुस्तिकेत 'संशोधनाने सिद्ध झालेलं' असं एक वाक्य आहे, कुठलं संशोधन ते नाही, मग मीच शोधलं कारण मला आता हट्टाला पेटायचं होतं. २००८ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, मायकेल टोमासेलो आणि फेलिक्स वार्नेकेन यांचा, अगदी २० महिन्यांच्या बाळांवर. मदत केल्यावर ज्या बाळांना बक्षीस म्हणून वस्तू मिळाली ती पुढे कमी मदत करायला लागली, आणि ज्यांचं नुसतं कौतुक झालं किंवा काहीच मिळालं नाही ती करत राहिली. म्हणजे धड बोलता न येणाऱ्या पोरालाही बक्षीस लावलं की बिघडतं, आमची पाचवी तर हिशोबात पक्की. दुसरा अभ्यास कॅनडातल्या व्हँकुव्हरचा, २०१२ चा. ९ ते ११ वर्षांची चारशेवर मुलं, काही वर्गांना सांगितलं आठवड्यात ३ चांगल्या गोष्टी दुसऱ्यासाठी करा, बाकीच्यांना सांगितलं ३ ठिकाणी जाऊन या, मैदान म्हणा आजीचं घर म्हणा, असं ४ आठवडे. खूश दोन्हीकडची मुलं झाली, हे गमतीशीर आहे, पण ज्यांनी दुसऱ्यासाठी काही केलं त्यांना वर्गातली जास्त मुलं आपल्यासोबत कामाला घ्यायला तयार झाली. एवढंच. वहीत लिहायचं, संपलं, चढाओढ नाही. हे करायला साडेचार हजार लागत नाहीत, वहीचं मागचं पान लागतं. आम्ही आता तेच करतो, शनिवारी. २०२४ पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आहेच, सकाळची शाळा, पोरांचा मूड बरा असतो, त्यातली वीस मिनिटं याला.

टपालपेटी, म्हणजे आता बिस्किटांचा डबा, हा भाग मात्र मनापासून आवडला, पोरांनाही. कुणालाही कुणाबद्दल चांगलं दिसलं की चिठ्ठी टाकायची. पण पुस्तिकेत जे लिहिलं नाहीये ते मी सांगते. चिठ्ठ्या आधी दोघांनी वाचायच्या, एकट्याने नाही, आणि वाचल्याशिवाय एकही वाटायची नाही. कारण पहिल्याच गठ्ठ्यात 'तू जाड आहेस पण चांगला आहेस' निघाली, नववीतून दोन-तीन बदामवाल्या निघाल्या, आणि एक चिठ्ठी निघाली जी खरं तर तक्रार पेटीत पडायला हवी होती, एका मुलाला दोन मोठी मुलं संडासाच्या बाजूला रोज अडवत होती. त्याने ती तक्रार पेटीत टाकली नाही कारण ती पेटी ऑफिसच्या दारात आहे आणि तिथे कुणी दिसलं की अख्ख्या शाळेला कळतं. बिस्किटांचा डबा सगळेच वापरतात म्हणून त्यात टाकली. ते प्रकरण मोठ्या बाईंनी त्याच दिवशी हातात घेतलं आणि तक्रार पेटी आता जिन्याखाली हलवली आहे. किटच्या कंपनीला हे कळवलं, त्यांनी हात जोडलेला इमोजी पाठवला.

दुसरी अडचण, काही पोरांना चिठ्ठ्यांचा पाऊस आणि काहींना एकही नाही, आणि ज्याला मिळत नाही त्याला ते बरोबर कळतं. याला आमच्या मराठीच्या बाईंनी साधा उपाय काढला, हजेरी क्रमांकाने. या आठवड्यात तुझ्या पुढच्या नंबरचा, पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढचा, त्याचं काहीतरी एक चांगलं हेरून लिहायचं, खोटं चालणार नाही, 'तू छान आहेस' चालणार नाही, काय केलं ते लिहायचं. मग पोरं खरंच बघायला लागतात. 'तू रोज फळा पुसताना माझ्या अंगावर खडू उडवत नाहीस', 'तुझं अक्षर वाईट आहे पण तू वही देतोस'. आणि पेठेतली पोरं शेवटी, रक्तातच आहे, एकाने नळाच्या वर पाटी लावली: 'बाटली भरून झाल्यावर नळ बंद केल्याबद्दल आभार. न केलेल्यांनी आभार मानून घेऊ नयेत.'

मग पुस्तिकेतला 'सपोर्ट स्टाफला धन्यवाद द्या' आठवडा आला. कार्डं बनवली, फुलं काढली, शिपाईकाकांना सहावीच्या एकाने लिहिलं, 'काका तुम्ही मधल्या सुट्टीनंतरची घंटा एक मिनिट उशिरा देता ते आम्हाला माहीत आहे, थँक्यू, कुणाला सांगणार नाही.' काकांनी ते घंटेच्या खिळ्याच्या बाजूला चिकटवलंय, मोठ्या बाईंनी वाचलं आणि काही बोलल्या नाहीत. सफाईच्या मावशींना कार्ड द्यायला आठवीच्या मुली गेल्या. मावशींनी कार्ड घेतलं, छान म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "कार्ड राहू द्या पोरींनो, डबा धुताना बेसिनमध्ये पोळीचे तुकडे आणि भात टाकू नका तेवढं. रोज तुंबतं, रोज मी हात घालून काढते." मुली गप्पच झाल्या एकदम. एक हळूच म्हणाली, "म्हणजे कोपरापर्यंत?" "मग, काठीने निघतंय होय," मावशी म्हणाल्या आणि गेल्या कामाला.

अख्ख्या किटमध्ये जे नाही ते मला या एका वाक्यात मिळालं. किटचा सगळा भर देण्यावर आहे, कार्ड द्या, चॉकलेट द्या, स्माइल द्या. शाळेत माणसाला काय हवं असतं, त्याच्या डोक्यावरचं एखादं काम कमी झालेलं हवं असतं. मुलींनी बेसिनपाशी खरकट्यासाठी बादली ठेवायला लावली, आठवडाभर आळीपाळीने मधल्या सुट्टीत तिथे उभ्या राहिल्या, जरा दादागिरी पण केली, चालायचंच. आता बेसिन क्वचित तुंबतं. आणि पुढची सगळी कार्डं आम्ही याच मापाने लिहिली: आधी जाऊन विचार की तुमचं कुठलं काम आमच्यामुळे वाढतं. रिक्षाकाकांना विचारलं तर म्हणाले शाळा सुटल्यावर पाच मिनिटं गप्पा मारत उभे राहता, मागे हॉर्न वाजतात आणि ट्रॅफिकवाला मला धरतो. लायब्ररीच्या मॅडम म्हणाल्या पानाचा कोपरा दुमडू नका. असल्या गोष्टी कुठल्याच इंटरनॅशनल कंटेंटमध्ये येत नाहीत.

आता स्टाफचं पाकीट, आणि मोठ्या माणसांना नीट वागायला लावणं हे पोरांपेक्षा कठीण आहे हे आधीच मान्य करा. गुपित मित्र म्हणजे वाडग्यात नावं टाकायची, ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी महिनाभर गुपचूप काहीतरी छान करायचं. पुस्तिकेत 'टीचिंग स्टाफ' लिहिलंय. मोठ्या बाई म्हणाल्या, सगळ्यांची नावं टाका, क्लार्क, शिपाई, लॅबवाले, सफाईवाल्या, गेटवरचे काका, नाहीतर माझंही टाकू नका. हे त्यांचं मला फार आवडलं. सुरुवातीला पुस्तिकेप्रमाणे, आठवड्याला शंभर रुपयांपर्यंतची भेट, तर स्टाफरूमच्या टेबलावर नुसते डेअरी मिल्क आणि पेनं, गणपतीत मखरासमोर साठतं तसं. मग मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, दर आठवड्याला शंभर मला नाही जमणार, माझं नाव काढलं तर चालेल का?" किट बनवणाऱ्याच्या डोक्यात हे येऊच नये? शंभर रुपये म्हणजे काहीच नाही असं वाटणाऱ्यांनीच ते बनवलंय. नियम बदलला, एक रुपयाही खर्च करायचा नाही, ज्याचं नाव निघालं त्याचं काम कमी करायचं.

यानंतर खरी मजा आली. आमच्या क्लार्क मॅडम म्हणजे यूडायस, सरल, शालार्थ अशा सगळ्या सरकारी पोर्टलवर माहिती भरणं, त्यात मुलांचा अपार आयडी आल्यापासून आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरचं नाव जुळवता जुळवता त्यांचा जीव जातो, त्यामुळे त्या सगळ्यांवर खेकसतात आणि सगळे त्यांच्यावर. एका सकाळी त्यांच्या ड्रॉवरमध्ये आठवी ब ची यादी, ज्यांची नावं जुळत नाहीत ती सगळी हजेरी क्रमांकाने लावलेली, पुढे पालकांना कधी बोलावलं आणि कोण कागद आणणार ते सुद्धा. अक्षरावरून त्यांनी ओळखलं कुणाचं ते, आमच्या सगळ्यात सीनियर सरांचं, ज्यांच्याशी त्यांचं सर्व्हिस बुकच्या नोंदीवरून जुनं वाजलेलं होतं. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी सरांच्या रजेचा अर्ज टेबलावर दोन दिवस पडून राहायचा तो एका तासात पुढे गेला. निवडणुकीच्या मतदारयादीच्या (बीएलओ) ड्युटीवर उन्हात फिरून आलेल्या एका बाईंच्या वह्यांचा गठ्ठा तपासून तयार. कुणीतरी प्रॉक्सी रजिस्टरमध्ये, म्हणजे गैरहजर शिक्षकांचे तास वाटायच्या वहीत, स्वतःहून आपला ऑफ तास दुसऱ्याच्या नावापुढे लिहिलेला, ज्याने शाळेत नोकरी केलीय त्यालाच कळेल की ऑफ तास सोडणं म्हणजे काय असतं. एक सर अजूनही चिठ्ठी काढत नाहीत, म्हणतात हे सगळं फॅड आहे. नका काढू, त्यांना कुणी काही म्हणत नाही.

एक मोठं भगदाड मात्र किटमध्ये राहिलंय. पोरांनी पोरांशी, पोरांनी स्टाफशी, स्टाफने स्टाफशी, सगळं आहे, पण शिक्षकाने पोरांशी कसं वागावं याचं एकही कार्ड नाही. कदाचित किट शिक्षकच विकत घेतात म्हणून असेल. आरटीई कायद्याच्या, २००९ च्या, कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे, छडी गेली पण जीभ आहेच की. चाचणीचे पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचायचे, तेही जास्तीपासून कमीकडे, म्हणजे शेवटच्या तिघांना आपला नंबर येईपर्यंत घाम. आम्ही स्टाफरूममध्ये आमच्यासाठी स्वतःची कार्डं लावली: पेपर उलटा घालून हातात द्या. फी राहिली असेल तर वर्गात नाव घेऊ नका, ऑफिसात पालकांना फोन लावा. 'तुझ्या भावाला मी शिकवलंय, तो किती हुशार होता' हे वाक्य बंद. शेवटचं माझ्या बाजूच्या बाईंनी लिहिलं आणि त्यांनीच ते दोन दिवसांत मोडलं, सगळ्या खळखळून हसलो.

ट्रेनिंगबद्दल थोडक्यात. किटसोबत दोन तासांचं वर्कशॉप जादा पैसे देऊन मिळतं, आम्हाला ते 'लाँच ऑफर'मध्ये फुकट पडलं आणि फुकटच्या लायकीचंच होतं. ट्रेनर सर पाऊण तास उशिरा आले, लॅपटॉपची वायर आमच्या प्रोजेक्टरला बसेना, लॅबच्या काकांनी धावपळ करून कुठूनतरी कन्व्हर्टर आणला, लावून दिला, खाली वाकून प्लग खोचला, आणि सरांनी त्यांच्याकडे न बघताच 'चला, सुरू करू या' म्हणून पहिली स्लाइड लावली. स्लाइडवर लिहिलं होतं, थँक्यू म्हणायला काही लागत नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. बाकीचं वर्कशॉप लीडरशिप, गोल सेटिंग, डोळे मिटून श्वास, मग फीडबॅक फॉर्म. ते घेऊ नका.

तर घ्यायचं का? पाचपैकी अडीच देते, त्यातला एक निव्वळ कागदाच्या दर्जासाठी. ज्यांच्याकडे पैसे आहेत आणि वेळ अजिबात नाही त्यांनी घ्या, निदान खोकं आलं की काहीतरी सुरू तरी होतं, आमचंही तसंच झालं, तेवढं श्रेय देईन. बाकीच्यांनी अप्पा बळवंत चौकात जाऊन रंगीत कार्डशीट आणि चिठ्ठ्यांची पॅडं घ्या, होलसेलवाल्याकडे विचारा, पाच-सहाशेत अख्ख्या शाळेचं सामान होतं, डबा कुणाच्याही घरी असतो. स्टार आणि बॅज कुठेही दिसले तरी घेऊ नका. रिफिल पॅडांसाठी कंपनीचा दर महिन्याला मेसेज येतो, ती पॅडं साध्या पॅडाच्या तिप्पट भावाची आहेत.

पाचवी ते सातवीचं बसलंय आता. आठवीच्या मुलींनी बेसिनचं केलं ते केलं, पण आठवी-नववीच्या मुलग्यांना चिठ्ठ्या वगैरे बायकी वाटतं, तोंडावर हसतात, आणि हजेरी क्रमांकाने सक्ती केली की खोटं लिहितात. त्यांच्यातल्या काहींना आम्ही पाचवीच्या मुलांना संध्याकाळी बसस्टॉपपर्यंत सोडायला लावलंय, रस्ता ओलांडून देणं वगैरे, ते बरं चाललंय कारण त्यात भाव खाता येतो. नववीसाठी अजून काही कुणी करून पाहिलं असेल तर खाली लिहा, जूनच्या आधी ठरवायचंय.